रक्त कमी आहे, की कुठे जातंय?

पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: ५४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. तालुक्याच्या गावी राहतात, घरून डबे देतात, रोज चाळीसेक. सात-आठ वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे: करपट ढेकर, छातीत जळजळ, जेवल्यावर पोट गच्च होणं. रोज सकाळी अनशापोटी पित्ताची एक गोळी घेतात, औषधाच्या दुकानातून आणून. वर्षभरात जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्यावर ९.६ झालं, गोळ्या बंद केल्यावर परत खाली आलं. पाळी जाऊन चार वर्षं झाली. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. पोटविकाराच्या डॉक्टरांनी तोंडावाटे आणि शौचाच्या जागेतून अशा दोन्ही दुर्बिणी टाकायला सांगितल्यात. यजमान म्हणतात, सोनोग्राफी चांगली आहे, आता हे पैसे काढायचे धंदे. जाऊबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी एकाचं आतडं नळीनं फाटलं. मुलगा पुण्याहून रोज फोन करून भांडतो. ताई विचारतात: "बायकांचं रक्त तर कमीच असतं ना? त्यासाठी एवढं करायलाच हवं का? रक्ताच्या तपासणीवर किंवा एमआरआयवर भागणार नाही का?"

ताई,

पहिल्यांदा तुमचं पत्र वाचलं तेव्हा माझंही लक्ष दुर्बिणीकडेच गेलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीवर अडखळले. डब्यांचं काम सांगताना तुम्ही लिहून गेलात, "दिवसभर उभं राहून गुडघे दुखतात, मग मेडिकलमधून गोळी घेते, कधी एक कधी दोन, त्याचं काही नाही." त्याचं बरंच काही आहे. तिकडे वळणारच आहे, पण आधी तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

"बायकांचं रक्त तर कमीच असतं." पंचवीस वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत स्वतःही बोलले. बाई आली, चेहरा पांढुरका दिसला, की लोहाच्या गोळ्या लिहायच्या आणि बीट-खजूर खा म्हणायचं. पाळी येणाऱ्या बाईच्या बाबतीत ते बऱ्याचदा खपूनही जायचं. दर महिन्याला रक्त जातं, खाणं सगळ्यांच्या शेवटी आणि उरलंसुरलं, मग लोहाचा साठा संपणारच. पण तुमची पाळी चार वर्षांपूर्वी गेली. रक्त जायचा तो रस्ता बंद झाला. त्यानंतर रक्त वाढायला हवं होतं, आणि ते तर उतरलं! बाईमाणसात हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तुमचं ८.२ आहे. हे "थोडं कमी" नव्हे.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. तुमचा गॅसचा सिलिंडर एरवी अठरा दिवस जातो. डबे तेवढेच असताना तो बारा दिवसांत संपायला लागला, तर तुम्ही नुसता पुढचा सिलिंडर लावाल का? आधी नळी हुंगून बघाल, रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बघाल. लोहाच्या गोळ्यांनी तुमचं हिमोग्लोबिन वाढलं, म्हणजे शरीराला लोह मिळालं की रक्त तयार होतंय. कारखाना ठीक चाललाय. गोळ्या थांबल्यावर ते परत उतरलं, म्हणजे लोह कुठून तरी निसटतंय, नाहीतर पोटातून नीट शोषलंच जात नाहीये. या दोन्हीचा पत्ता बहुधा एकच असतो: अन्नमार्ग.

"पण मला शौचातून रक्त कधी दिसलं नाही," असं तुम्ही म्हणाल. दिसणार नाहीच. रोज चहाचा एक-दोन चमचे रक्त गेलं तरी काही महिन्यांत लोहाचा साठा रिकामा होतो, आणि तेवढं रक्त मळात मिसळलं की डोळ्यांना कळत नाही. मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा व्हायला वरच्या भागातून त्याहून बरंच जास्त रक्त जावं लागतं. त्यात रंगाचा आणखी एक घोळ आहे. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळपट-हिरवा होतो, आणि तुम्ही रोज पिता त्या बिटाच्या रसानं लालसर. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. मात्र डांबरासारखा चिकट काळा मळ, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही, किंवा भोवळ येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर दुर्बिणीची तारीख बघत बसायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

आता गुडघ्याच्या गोळ्या. त्यांचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण मेडिकलवाला "गुडघ्याची गोळी" म्हणून देतो ती बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या कुळातली असते. ही औषधं सूज आणि दुखणं कमी करतात, पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी जी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं, तीही कमी करतात. मग अस्तराला खरचटतं, व्रण पडतात, आणि ते झिरपत राहतात. गंमत म्हणजे हे व्रण कित्येकदा दुखत नाहीत, कारण दुखणं दाबायचंच तर ते औषध आहे. वर तुम्ही रोज पित्ताची गोळी घेता. तिनं जळजळ शमते. म्हणजे धोक्याची घंटा वाजवू शकली असती ती एकुलती तक्रारही शांत झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं काहीसं चाललंय. पित्ताच्या गोळीचा आणखी एक भाग आहे. लोह शोषून घ्यायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ही गोळी नेमकं तेच कमी करते. वर्षानुवर्षं घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकतं. ती वाईट गोळी आहे असं मी म्हणत नाही. ज्याला हवी त्याला ती फार मोलाची आहे. पण आठ वर्षांत एकदाही कुणी "कशासाठी घेताय?" असं विचारलं नाही, हे मला खटकतं.

म्हणून आजच दोन गोष्टी करा. गुडघ्याची ती गोळी थांबवा आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर या. वरून लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांनीही पुष्कळ फरक पडतो. आणि दोन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. पोटाच्या डॉक्टरांना तोंडी नाव सांगू नका, पाकीट दाखवा. हेच पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना: हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर ती मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही.

यजमानांच्या म्हणण्याकडे येते. सोनोग्राफी नॉर्मल असताना दुर्बीण कशाला, हा प्रश्न मुळीच बावळटपणाचा नाही. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे "पोट आतून बघितलं" असाच समज आहे. पण सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, आणि त्या लहरींना हवेतून पलीकडचं दिसत नाही. जठर आणि आतडी हवेनं भरलेली असतात. यकृत, पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडं, गर्भाशय यांच्यासाठी सोनोग्राफी उत्तम. जठराच्या अस्तरावरचा अर्ध्या सेंटिमीटरचा व्रण तिला दिसत नाही. तुमची सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणजे पित्ताशयात खडे नाहीत, यकृत बरं आहे. रक्त कुठून जातंय, या प्रश्नाला तिनं हातच लावलेला नाही. एमआरआयचंही थोड्याफार फरकानं तेच. रक्ताच्या तपासणीनं लोह कमी आहे हे पक्कं होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केली नसेल तर जरूर करा. पण ते कुठून गेलं, हे रक्त सांगत नाही.

हल्ली कॅमेरा बसवलेली कॅप्सूल गिळायची सोय आहे. ती ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात: नळीही नको, लाजही नको. पण ती मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे, जिथे दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत. ती नुसते फोटो काढते. तपासायला अस्तराचा तुकडा घेऊ शकत नाही, वाहतं रक्त थांबवू शकत नाही, अस्तरावर उगवलेला एखादा कोंब दिसला तर काढू शकत नाही. दोन्ही दुर्बिणी करूनही काही सापडलं नाही तर ती पुढची पायरी. सीटी स्कॅननं मोठं आतडं बघायचीही एक पद्धत आहे, पण तिलाही पोट तसंच साफ करावं लागतं, आणि काही दिसलं की शेवटी दुर्बीण येतेच.

"पैसे काढायचे धंदे" या शंकेबद्दल मी यजमानांना नावं ठेवणार नाही. गरज नसताना केलेल्या तपासण्या मीही पाहिल्यात. पंचविशीतली मुलगी, महिनाभर पोट फुगतं एवढीच तक्रार, आणि हातात एंडोस्कोपीचा रिपोर्ट! तिथे मी चिडते. पण शंका असली की ती डॉक्टरांपुढे ठेवायची. सरळ विचारा: "यातून काय सापडण्याची शक्यता आहे, आणि जे सापडेल त्यानं माझ्या उपचारात काय बदलेल?" ज्या डॉक्टरांना याचं नीट उत्तर देता येत नाही, त्यांच्याकडून उठून दुसऱ्यांकडे जायला हरकत नाही. तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. पाळी गेलेल्या बाईला किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झाला आणि कारण उघड दिसत नसलं, तर वरून आणि खालून दोन्हीकडून बघावं, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. खर्चाची अडचण असेल तर शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या तपासण्या कमी खर्चात होतात. पुण्यात मुलाकडे राहून ससूनमध्ये, किंवा मुंबईत केईएम, नायर, जे. जे. मध्ये. तारीख मिळायला वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

"समजा व्रण सापडला तर दुसरी दुर्बीण वाचेल का?" असं तुम्ही मनात म्हणत असाल तर: बहुधा नाही. वर छोटा व्रण आणि खाली कोंब, असं एकाच माणसात असू शकतं. दोन्ही एकाच दिवशी, एकामागून एक करून घेता येतात. तसंच विचारा. एकच सुट्टी, एकदाच गुंगीचं इंजेक्शन.

आता जे मनात सगळ्यात खाली आहे त्याबद्दल. "काही भलतंच निघालं तर?" हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण "वडील पोटाच्या आजारानंच गेले" एवढं लिहिलंत आणि पुढे काहीच नाही. कोणता आजार, किती वर्षांचे होते? भावाकडे किंवा काकूंकडे चौकशी करा, जुना कागद असेल तर काढा. जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता की दारूनं यकृत गेलं होतं, यात डॉक्टरांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे "पोटाचा आजार" या एका शब्दात सगळं गुंडाळून ठेवतात आणि मुलं ती भीती जन्मभर वागवतात.

काय निघू शकतं? तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय गुडघ्याच्या गोळ्यांच्या व्रणांवर आहे. दुसरा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूवर. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो राहतो. पुष्कळांना काही करत नाही, काहींना व्रण देतो. पूर्वी समजूत अशी होती की अल्सर चिंतेनं आणि तिखटानं होतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी जंतूचं नाव घेतलं तेव्हा कुणी विश्वास ठेवेना. मग १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतू चक्क पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीतून त्यांच्या जठराची सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा तुमच्या हातच्या झणझणीत रश्श्याला मी दोष देणार नाही. तिखटानं जळजळ वाढेल, पण व्रण पाडायचं पाप त्याचं नाही. जंतू सापडला तर दोनेक आठवडे औषधं घेऊन तो घालवता येतो. मात्र पित्ताची गोळी चालू असली की तो तपासणीत लपतो, म्हणून काही डॉक्टर ती दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. तुमचं रक्त जातंय असा संशय असल्यानं ते तुम्ही स्वतः ठरवू नका, विचारा.

याशिवाय गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजार असू शकतो. त्यात लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि लोह शोषलं जात नाही. त्याची रक्ताची तपासणी असते, पण तपासणी होईपर्यंत पोळी सोडायची नाही, नाहीतर आजार असूनही दिसत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही, विशेषतः ताप आणि वजन घटणं सोबत असेल तर. शेतात अनवाणी राबणाऱ्यांत अंकुशकृमी रक्त पितात, ते तर साध्या गोळीनं जातात. मोठ्या आतड्यात कोंब असू शकतात, त्यांना पॉलिप म्हणतात. आणि हो, कॅन्सरही असू शकतो. बहुतेकांना तो निघत नाही, पण आकडा इतका लहानही नाही की डोळेझाक करावी. त्यातली एक गोष्ट मात्र भीतीच्या उलट दिशेनं जाणारी आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा अशा कोंबातूनच होतो, आणि कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. दुर्बिणीतूनच तो कोंब तारेच्या फासानं काढून टाकला की तो धोका तिथंच संपतो. इतके दिवस आधी गाठता येणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

जाऊबाईंच्या माहेरची गोष्ट खोटी असेल असं मी म्हणणार नाही. आतड्याला छिद्र पडू शकतं. नुसत्या तपासणीत ते हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतं, मोठा कोंब काढताना धोका थोडा वाढतो. वरच्या दुर्बिणीत तो त्याहून बराच कमी. पण जाऊबाईंना ज्या शेकडो लोकांचं काहीच बिघडलं नाही त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हेही कुणीतरी सांगेलच तुम्हाला. ते खरं नाही. तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो, अस्तराला तो काढल्याचं दुखतही नाही, आणि तो नेहमी कॅन्सरसाठीच घेतात असंही नाही. जंतू आणि सीलिॲक हेही त्याच कणीतून कळतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जठरात नळी घालून बघितलं, तेव्हा त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस शोधून आणला होता. नळी ताठ होती, दुसऱ्या कुणाला ती गिळता आलीच नसती. आजची नळी मऊ असते, करंगळीएवढी जाड. घशात बधिर करायचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक प्लॅस्टिकची कडी देतात. पाच-दहा मिनिटांत काम होतं. उमासे येतात, ते कमी करायला नाकानं हळू श्वास घ्यायचा आणि लाळ गिळायची नाही, बाहेर वाहू द्यायची. श्वास अडकेल असं वाटतं, पण ही नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका मोकळीच असते. गुंगीचं इंजेक्शन घेतलंत तर यातलं बरंचसं आठवणारही नाही.

खालच्या दुर्बिणीचा खरा त्रास आदल्या रात्री असतो. माझी स्वतःची झाली तोवर मी रोग्यांना "काही नसतं हो त्यात" म्हणायचे. नंतर ते म्हणणं सोडलं. दोन लिटर औषधाचं खारट पाणी प्यायचं होतं आणि मी शहाणी, ते कोमट पीत बसले. पहिला तांब्या संपेपर्यंत डोळ्यांत पाणी. मग आमच्या मोलकरणीनं सुचवलं तसं माठात गार केलं, वर लिंबू पिळलं आणि घोटागणिक लवंग हुंगली, तेव्हा कुठे उतरलं. निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या चार-सहा तास आधी पहाटे, असं वाटून घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं. सगळं रात्रीच संपवायचा मोह होईल, तो टाळा. आतडं नीट साफ झालं नाही तर डॉक्टरांना दिसत नाही, आणि सगळं परत करायची वेळ येते.

दोन दिवस आधीपासून चोथ्याचं आणि बियांचं बंद. तुम्हाला स्वयंपाकातलं सांगायला नको, पण डब्याच्या भाजीची चव बघायची सवय आहे म्हणून सांगते: पालेभाज्या, टोमॅटो, वांगं, भेंडी, पेरू, डाळिंब, शेंगदाण्याचं कूट, तीळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, काहीच तोंडात टाकायचं नाही. मऊ भात, तूप, गाळलेलं वरण, ताक चालेल. आदल्या दिवशी तर फक्त पारदर्शक पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. बिटाचा रस अजिबात नको, आतड्याची भिंत लाल दिसली की उगाच गोंधळ. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, त्यांची काळी साय आतड्याला चिकटून राहते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी उपाशी असतानाचा डोस आधी विचारून घ्यायचा.

घरात संडास एकच असेल तर त्या रात्री तो तुमचा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. जागा चुरचुरते, आधीच खोबरेल तेल लावा. गुडघ्यांमुळे उकिडवं बसायला त्रास होत असेल तर संडासाची खुर्ची ठेवा. हिमोग्लोबिन ८.२ असताना रात्री उठताना चक्कर येऊ शकते. दिवा चालू ठेवा आणि कडी लावू नका.

लाजेबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहून खोडलंय. मागच्या बाजूला फट असलेली चड्डी देतात, वर चादर असते, आणि खोलीत बाई परिचारिका असावी असं तुम्ही आधी सांगून ठेवू शकता. बाई डॉक्टर हव्या असतील तर तेही विचारा, शहरात मिळतात. लाजेपायी किती बायका हे दुखणं अंगावर काढतात ते मी मोजलेलं नाही, पण मूळव्याध म्हणून पाच-पाच वर्षं चुन्याच्या निवळीवर काढणाऱ्या तीन तरी मला आठवतात. शौचातून लाल रक्त आलं की ते मूळव्याधच, हे कुणी बघितल्याशिवाय धरून चालायचं नाही. मूळव्याधीचं रक्त बहुधा न दुखता पडतं, फिशरमध्ये, म्हणजे शौचाच्या जागेला चीर पडली असली तर, दुखून. पण तिसरंच काही नाही ना, हे बघूनच कळतं.

एक बाब पत्रात नाही, पण विचारते. मिश्री लावता का? लावत असाल तर डॉक्टरांना सांगा. ती तंबाखूच आहे. अर्धी पोटात जाते, पित्त तर वाढवतेच, आणि तोंड नि अन्ननलिका यांच्यासाठी तर ती वाईटच. त्या दोन मिनिटांच्या संकोचापेक्षा डॉक्टरांना पूर्ण माहिती असणं महत्त्वाचं.

हे वाचून ज्यांना आपल्यालाही दुर्बीण लागणार असं वाटायला लागलं असेल, त्यांच्यासाठी: तरुण वय, अधूनमधून जळजळ, पोट फुगणं, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी तीनदा शौचाला जावं लागणं, शौचाला गेल्यावर बरं वाटणारी पोटदुखी, आणि वजन, रक्त, भूक सगळं ठीक, तर बहुतेकांना दुर्बिणीची घाई नाही. यातल्या बऱ्याच जणांचं आतडं नाजूक स्वभावाचं असतं, त्याला आयबीएस म्हणतात. त्रास खरा असतो, पण अस्तर शाबूत असतं. आयबीएसनं रक्त जात नाही, वजन उतरत नाही, आणि तो सहसा झोपेतून उठवत नाही. घास अडकणं, वारंवार उलट्या, वजन घटणं, रक्तक्षय, काळा किंवा रक्ताचा मळ, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यांतलं काही असेल तर मात्र घरगुती चूर्णांवर महिने घालवू नयेत.

ताई, डब्यांचं. दोन दिवस बंद ठेवावे लागतील: आदला दिवस आणि तपासणीचा दिवस. गुंगीच्या औषधानंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि उकळत्या तेलाजवळ उभं राहायचं नाही. सोबत मुलाला बोलवा. इतक्या दिवसांचं भांडण त्यानं येऊन मिटवावं. गिऱ्हाइकांना आधी आठवडाभर सांगा, कारण सांगायची गरज नाही. तपासणीनंतर पोटात वारा फिरेल, तो जाईल. संध्याकाळी मऊ भात खाता येईल. घरी आल्यावर पोट दगडासारखं कडक होऊन जोरात दुखलं, ताप आला किंवा रक्त पडत राहिलं, तर रात्रीबेरात्रीही त्याच दवाखान्यात फोन करायचा. तो नंबर निघतानाच लिहून घ्या.

आणि रिपोर्ट दोन मिळतात. फोटोंचा त्याच दिवशी, तुकड्याचा आठ-दहा दिवसांनी. पहिला चांगला आला की दुसरा आणायला लोक विसरतात. दवाखान्याच्या कपाटात तसे पुष्कळ कागद पडून असतात. तुमचा तुम्ही जाऊन आणा, आणि तोवर गुडघ्याच्या गोळीच्या डब्याला हात लावू नका.